परदेशी जोडीदाराला भारतात आणायचंय? आधी ठरवा, लग्न कुठे लावणार

महिन्यातून एकदा तरी कुणाचा तरी फोन येतो. मुलगी कोल्हापूरची, मुलगा इटलीचा. किंवा मुलगा नागपूरचा, मुलगी जपानची. दोघांना भारतात येऊन राहायचंय आणि प्रश्न ठरलेला असतो, "व्हिसा कुठला घ्यायचा?" मी उलट विचारते, "लग्न कुठे लावणार?"

कारण आपल्याकडे वाग्दत्त जोडीदारासाठी वेगळा व्हिसा नाही. अमेरिकेत आधी या आणि ९० दिवसांत लग्न करा अशी सोय आहे, तशी इथे नाही. जोडीदार म्हणून भारतात दीर्घकाळ राहायची परवानगी लग्नाच्या दाखल्यावरच मिळते. दाखला तिकडून घेऊन यायचा की इथे येऊन मिळवायचा, यावर पुढची दोन-तीन वर्षं कशी जाणार ते ठरतं.

माझा नवरा स्पेनचा. आम्ही इथे येऊन लग्न केलं. माझ्या मावसबहिणीचा नवरा जर्मन, त्यांनी तिकडे लग्न करून मग भारत गाठला. दोन्ही संसार आज सुखाचे आहेत, पण दोन्ही रस्ते सारखे मुळीच नाहीत.

तिकडे लग्न, मग एक्स-२ व्हिसा

भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी 'एन्ट्री व्हिसा' असतो, त्याचा प्रकार एक्स-२. अर्ज भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करायचा. सोबत लग्नाचा दाखला आणि भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत. तो पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो. जोडीदार विमानातून उतरतो तोच नवरा किंवा बायको म्हणून, पर्यटक म्हणून नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजे एफआरआरओकडे, नोंदणी करायची. ती ऑनलाइन होते.

या रस्त्यावर सगळी मेहनत आहे ती दाखल्याची. परदेशात झालेल्या लग्नाचा दाखला भारतात चालावा म्हणून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का, लागतं. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे स्पेन, इटली, जपान अशा देशांचा दाखला त्यांच्याच सरकारी कार्यालयातून अपोस्टिल करून आणला की पुरतं. पण जर्मनीने भारताच्या सहभागाला आक्षेप घेतला होता. त्यामुळे आपली कागदपत्रं जर्मनीत द्यायची तर साधं अपोस्टिल चालत नाही, त्यांची वेगळी पडताळणी होते आणि तिला महिने लागतात. मावसबहीण तेव्हा म्युनिकला होती. तिच्या जन्मदाखल्याची पडताळणी कधी होईल याचा कुणी पत्ता लागू देईना. शेवटी दोघं डेन्मार्कला गेले. जर्मनीत राहणाऱ्या कित्येक भारतीय-जर्मन जोडप्यांची ही रुळलेली वाट आहे, कारण तिथे कागद कमी लागतात. डेन्मार्कच्या दाखल्यावर डेन्मार्कचं अपोस्टिल, आणि ते भारतालाही चालतं, जर्मनीलाही. मावशीला वाटलेलं वाईट मी पाहिलं आहे. "नगरपालिकेत दोन माणसांसमोर सह्या केल्या, याला लग्न म्हणायचं का?" पण मुलीच्या हातात दहा मिनिटांत दाखला होता आणि त्याच दाखल्यावर जावई मे महिन्यात पुण्याला आला.

परदेशातल्या भारतीय दूतावासात विदेशी विवाह अधिनियम, १९६९ खालीही लग्न करता येतं. दोघांपैकी एक भारतीय नागरिक हवा आणि तिथे लग्नाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुमच्या शहरातला वाणिज्य दूतावास हे काम नियमित करत असेल तर उत्तमच.

घरच्यांच्या हौसेची काळजी करू नका. मांडव, हळद, मंगलाष्टकं, सगळं नंतर गावी होऊ शकतं. फक्त एक सांगते, त्या दुसऱ्या सोहळ्याची पुन्हा नोंदणी करायला जाऊ नका. एकाच लग्नाचे वेगवेगळ्या तारखांचे दोन दाखले झाले, की पुढच्या प्रत्येक अर्जात खुलासा करत बसावं लागेल.

इथे येऊन लग्न

हा रस्ता मनाला जवळचा. आई-बाबा, आजी, सगळे हजर. पण याचं वेळापत्रक बोटांवर मोजून बघा.

जोडीदार वेगळ्या धर्माचा असेल तर लग्न विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली होतं. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ साठी दोघंही हिंदू असावे लागतात, त्यामुळे नुसती सप्तपदी झाली म्हणून त्या कायद्याखाली नोंदणी होत नाही. काही मध्यस्थ सोपा उपाय म्हणून धर्मांतराचा दाखला सुचवतात. ज्याला खरोखर तो धर्म स्वीकारायचा आहे त्याची गोष्ट वेगळी. रांग टाळण्यासाठी माणसाला धर्म बदलायला लावणं मला अजिबात पटत नाही, आणि कार्यालयात प्रश्न निघाले की तो कागद टिकेलच असंही नाही.

विशेष विवाहात ३० दिवसांचे दोन हिशेब आहेत आणि लोकांना बहुधा एकच ठाऊक असतो. पहिला असा, की नोटीस देण्याआधी दोघांपैकी किमान एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं हवं. दुसरा, नोटीस लागल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. भारतीय जोडीदार आधीपासून गावातच असेल तर पहिला हिशेब आपोआप सुटतो. पण दोघंही एकाच विमानाने परदेशातून उतरत असतील तर साठ दिवस धरा, आणि वर कागदांसाठी दोन आठवडे. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते, मग पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. परदेशी जोडीदाराने अविवाहित असल्याचा, किंवा घटस्फोट झाला असल्यास त्याचा, दाखला मायदेशातून किंवा त्याच्या दूतावासातून आणायचा असतो. हा कागद विमानात बसण्याआधी हातात असू द्या.

आता व्हिसा. ई-टुरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा, एका वर्षाचा आणि पाच वर्षांचा असतो. ३० दिवसांचा घेतलात तर नोटिशीची मुदतही त्यात बसत नाही, तरी दरवर्षी कुणीतरी तो घेऊन येतंच. लग्नानंतर पर्यटक व्हिसाचं एक्स-२ मध्ये रूपांतर करायची तरतूद एफआरआरओकडे आहे, पण ई-व्हिसाच्या अटींमध्येच तो वाढवता किंवा बदलता येत नाही असं लिहिलेलं असतं. इथे लग्न करून इथूनच रूपांतर करायचा विचार असेल, तर दूतावासातून पासपोर्टवर लागणारा नेहमीचा टुरिस्ट व्हिसा घेऊन या. ई-व्हिसावर आलात तर लग्नानंतर परत जाऊन तिकडून एक्स-२ काढायची तयारी ठेवा.

आम्ही ई-व्हिसावर आलो होतो. नोटीस वेळेत लागली, हरकत आली नाही, लग्न झालं. संध्याकाळी दाखला हातात घेतला आणि नवऱ्याचं नाव वाचून पोटात गोळा आला. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. आपल्या फॉर्मवर रकाने तीन: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. भरणाऱ्याने पासपोर्टवरचं पहिलं आडनाव वडिलांच्या नावाच्या रकान्यात घातलं आणि आईकडचं आडनाव झालं त्याचं आडनाव. कागदावर मी भलत्याच माणसाची बायको झाले होते. कार्यालयातल्या माणसांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. आपल्याकडे नाव असंच लिहितात. पण दुरुस्तीला सहा आठवडे गेले. तोवर त्याच्या मुक्कामाची मुदत संपत आली, तो एकटा परत गेला आणि दुरुस्त दाखल्यावर तिकडून एक्स-२ काढून आला. लग्नानंतर अडीच महिने आम्ही फोनवर काढले.

गोव्यात नोंदणीची रीत वेगळी आहे. तिथे आधी इच्छा नोंदवायची आणि मुदतीनंतर पुन्हा सही करायला जायचं. दिवसांचा हिशेब तिथल्या नोंदणी कार्यालयातच विचारा, महाराष्ट्राचा लावू नका.

आणखी एक गोष्ट. परदेशी पाहुणा घरात राहत असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते. लोक याला 'फॉर्म सी' म्हणतात. हॉटेलवाले भरतात, घरचे विसरतात, आणि पुढे एफआरआरओच्या अर्जात नेमका तोच कागद मागतात.

नोकरीच्या व्हिसावर

जोडीदाराला भारतात स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळत असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा हा स्वच्छ मार्ग आहे. पगाराची किमान अट मात्र मोठी आहे, वर्षाला १६.२५ लाख रुपये. भाषाशिक्षक, विशिष्ट देशांचे स्वयंपाकी अशा मोजक्या कामांना त्यातून सूट आहे. लग्नाची घाई नसेल आणि एक-दोन वर्षं इथे राहून पाहायचं असेल, तर हाच मार्ग मी सुचवीन.

एक्स-२ वर आपोआप नोकरी करता येत नाही. माझ्या नवऱ्याने जवळजवळ दोन वर्षं कमाईशिवाय काढली. तो सुतारकाम जाणणारा, हाताला सवय असलेला माणूस. सकाळी मी कामावर निघाले की तो गॅलरीतून हात करायचा, आणि तो हात मला दिवसभर आठवायचा. घरभाडं, किराणा, त्याचं तिकीट, सगळं एकाच पगारातून निघणार हे लग्नाआधी वही घेऊन लिहून काढा.

दोन वर्षांनी ओसीआय

दोन्ही रस्ते शेवटी इथे येऊन मिळतात. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ प्रमाणे भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड मिळू शकतं. अट अशी, की लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या लगतच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगते, नोंदणी आधी, हौस नंतर. ज्यांनी परंपरेने लग्न करून नोंदणी "सवडीने करू" म्हणून ठेवली, ते अर्जाच्या वेळी अडतात.

भारतातून अर्ज केल्यास शुल्क १५,००० रुपये, परदेशातून २७५ डॉलर. जोडीदाराच्या अर्जात सुरक्षा पडताळणी होते आणि मुलाखतही असते, त्यामुळे काही महिने धरून चाला. दोघांच्या नावावरचा भाडेकरार, बँकेचे कागद, सणासमारंभाचे फोटो पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये जमवा.

कार्ड आल्यावर आयुष्य मोकळं होतं. आजीवन व्हिसा, एफआरआरओची नोंदणी नाही, नोकरी-व्यवसाय करता येतो. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण, धर्मप्रसार अशा कामांना मात्र वेगळी परवानगी लागते. मतदान नाही. आणि कोकणात कलमांची बाग घ्यायचं स्वप्न असेल तर ऐका, ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर भारतीय जोडीदारही आधी शेतकरी असावा लागतो.

भारतीय नागरिकत्वही मिळतं, पण लग्नानंतर सात वर्षं इथे राहिल्यावर, आणि मूळ पासपोर्ट सोडून. आम्ही तो विचार केला नाही. त्याची आई व्हॅलेन्सियाला एकटी असते, तिच्याकडे जायला त्याला व्हिसा लागावा हे दोघांनाही नको होतं.

एक कटू गोष्ट लग्नाआधी दोघांनी मोकळेपणी बोलावी. घटस्फोट झाला तर लग्नावर मिळालेलं ओसीआय रद्द होतं, एक्स-२ चा आधारही जातो. म्हणजे जो माणूस सगळं सोडून आपल्या गावी येतो, त्याचा इथे राहण्याचा हक्क आपल्या नात्यावर टांगलेला असतो. भांडणात चुकूनही "तुझा व्हिसा माझ्यामुळे आहे" असं तोंडातून जाता कामा नये.

ज्यांना हे लागू नाही

नेपाळ-भूतानच्या नागरिकांना भारतात राहायला व्हिसा लागत नाही. पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व स्वतःचं, आई-वडिलांचं किंवा आजी-आजोबांचं असेल तर ओसीआय मिळत नाही. तिथे वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, त्यामुळे त्या जोडप्यांना जोडीदाराचा व्हिसा मागायची वाट आज नाही. उरतात नोकरी, शिक्षण किंवा पर्यटन. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांचंही तेच. माझ्या ओळखीतल्या दोघी अशाच एका नोकरीच्या व्हिसावर संसार करतात आणि दर नूतनीकरणाच्या महिन्यात त्यांची झोप उडते. हे बदलायला हवं.

मला पुन्हा निवडायचं झालं तर

मी मावसबहिणीचा रस्ता घेईन. दोघं आधीच परदेशात एकत्र असाल तर तिकडे लग्न करा, अपोस्टिल घ्या, एक्स-२ वर या आणि मांडव गावी घाला. भारतीय जोडीदार आधीपासून इथेच राहत असेल आणि दुसऱ्याला सलग तीन महिने सुट्टी काढता येत असेल, तरच इथलं लग्न सोयीचं. तेही दूतावासातून घेतलेल्या टुरिस्ट व्हिसावर. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा जुन्या अनुभवांवर, माझ्याही, विसंबू नका. अर्ज भरण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावरचे नियम स्वतः वाचा.

आणि नोंदणीला जाताना जोडीदाराच्या पासपोर्टच्या खालच्या दोन यांत्रिक ओळींची मोठी झेरॉक्स सोबत न्या. आडनाव कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं ते तिथे स्पष्ट दिसतं. फॉर्म भरणाऱ्यासमोर ती ठेवा, आणि सही करण्याआधी दाखल्यावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवून मोठ्याने वाचा.