रेडिओ बटण: साधं सर्व्हलेट की स्प्रिंगचं बाइंडिंग?

टीममधल्या एकाने विचारलं, पैसे भरायच्या पद्धतीची तीन रेडिओ बटणं आहेत, निवड कशाने वाचू? साध्या सर्व्हलेटने (वेब विनंती हाताळणारा जावा क्लास), की स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या बाइंडिंगने, म्हणजे फॉर्ममधल्या व्हॅल्यू आपोआप जावाच्या फील्डमध्ये भरून?

सर्व्हलेटमध्ये गेट-पॅरामीटरची (फॉर्ममधली व्हॅल्यू नावाने वाचणारी मेथड) एक ओळ पुरते. मात्र काहीच निवडलं नसेल तर ब्राउझर बटणांचं नावच पाठवत नाही, हातात नल (म्हणजे 'काहीच नाही') येतो आणि त्यावर थेट इक्वल्स (तुलना करणारी मेथड) लावलं की नल पॉइंटर एक्सेप्शन ही चूक ठरलेली. बटणाला व्हॅल्यू द्यायची राहिली तर कुठलंही निवडा, 'ऑन' एवढंच येतं; यात माझी अख्खी दुपार गेली आहे. शिवाय यूआरएलमधून कोणी भलतीच व्हॅल्यू पाठवली तर ती तपासणंही आपल्याच गळ्यात.

स्प्रिंगमध्ये फील्ड ईनमचं (ठरलेल्या पर्यायांचीच यादी असलेला टाइप) ठेवा. भलती व्हॅल्यू आली की बाइंडिंग रिझल्टमध्ये (बाइंडिंगच्या चुका जमा होतात तिथे) चूक नोंदली जाते. रिकाम्या निवडीसाठी नॉट-नल आणि व्हॅलिड ही तपासणीची अॅनोटेशन्स लावावी लागतात, ते विसरू नका. चूक दाखवून फॉर्म परत आला तरी आधीची निवड स्प्रिंगचा फॉर्म टॅग स्वतः राखतो. सर्व्हलेटमध्ये 'चेक्ड' (बटण निवडलेलं आहे हे सांगणारा शब्द) प्रत्येक बटणावर हाताने लिहावं लागतं, मला तेच सगळ्यात जाचक वाटतं.

सुरुवातीची मांडणी स्प्रिंगची जास्त. एखादाच फॉर्म किंवा जुनं जेएसपी (सर्व्हरवर तयार होणारं जावाचं वेब पान) असेल तर सर्व्हलेटच ठेवा. फॉर्म अनेक आणि पर्याय वाढणारे असतील, तर ईनम आणि स्प्रिंग.