पिवळ्या अ‍ॅस्पेनसाठी कुठे जावं: कोलोरॅडोचं सॅन वान की कॅलिफोर्नियाचा ३९५?

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून एक फोन हमखास येतो. "आई-बाबा ऑक्टोबरअखेर परत जातील, त्याआधी त्यांना पानांचे रंग दाखवायचेत. कुठे नेऊ?" पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांना फार शोधावं लागत नाही, मेपलचा लाल रंग त्यांच्या दाराशी येतो. पश्चिमेच्या डोंगरांत शरद म्हणजे अ‍ॅस्पेन, आणि अ‍ॅस्पेन म्हणजे पिवळा. तो पाहायला, वाटेत छोटी गावं लागावीत अशा बेताने, मी दोनच रस्ते सुचवते. एक नैऋत्य कोलोरॅडोतली सॅन वान पर्वतांची फेरी, दुसरा कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पूर्व पायथ्याने जाणारा हायवे ३९५.

सॅन वानला मी दोनदा गेले आहे, त्यातल्या एका खेपेला सासू-सासरे बरोबर होते. ३९५ तीनदा झाला. सांगायचं एवढंच, की फोटो पाहून ठरवू नका. रात्री कोण किती उंचीवर झोपणार आणि गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवा. मग रस्ता बहुतेक आपोआप ठरतो.

दोन्हींचा आकार वेगळा आहे. सॅन वान ही २३६ मैलांची पूर्ण फेरी. दुरँगोहून निघायचं, सिल्व्हरटन, युरे, रिजवे, टेल्युराइड, डोलोरेस, कोर्टेझ, मँकोस करत पुन्हा दुरँगोला यायचं. ३९५ सरळ आहे. लोन पाइनपासून ब्रिजपोर्टपर्यंत साधारण १५० मैल, मधे बिशप आणि ली व्हायनिंग.

रंग कुठे दिसतो

सॅन वानमध्ये रंग रस्त्यावरच भेटतो. काचेतून डावी-उजवीकडे पिवळ्या उतरणी, त्यांच्यावर गर्द हिरवी सूचिपर्णी, त्यांच्यावर १३-१४ हजार फुटी सुळके. रिजवेहून टेल्युराइडकडे जाताना डॅलस डिव्हाइड लागतं. तिथून माउंट स्नेफल्सची रांग आणि तिच्या पायाशी पसरलेलं अ‍ॅस्पेनचं रान दिसतं. पश्चिमेतलं यापेक्षा सुंदर शरदाचं दृश्य मी तरी पाहिलेलं नाही. सकाळी तिथे पोचलात तर तासभर हाताशी ठेवा.

३९५ वरून मात्र रंग दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. हा रस्ता वाळवंटी खोऱ्यातून जातो, दोन्हीकडे राखाडी-हिरवी सेजब्रशची झुडपं. अ‍ॅस्पेन पश्चिमेच्या ओढ्यांच्या खोऱ्यांत लपलेले असतात. बिशप क्रीक, रॉक क्रीक, मॅगी क्रीक, कॉन्व्हिक्ट लेक, जून लेक, लंडी: प्रत्येक ठिकाणी हायवे सोडून आत वळायचं, चढायचं, पाहायचं, परत यायचं. ज्याला सलग गाडी चालवत रंग पाहायचाय त्याची इथे चिडचिड होईल. पण गाडी उभी करून तळ्याकाठी तासभर बसायला आवडणाऱ्या माणसांसाठी याहून चांगली सोय नाही.

तारखांच्या बाबतीत ३९५ जास्त सांभाळून घेतो. बिशप ४,१५० फुटांवर आहे आणि तिथून वीसेक मैलांवरचं साउथ लेक पावणेदहा हजार फुटांवर. रंग वरून खाली उतरत येतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वरच्या तळ्यांपाशी पिवळं दिसू लागतं, जून लेकला ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा गाठावा लागतो, खालच्या खोऱ्यात तर त्यानंतरही रंग असतो. एक जागा चुकली तर दुसरी मिळते. सॅन वानचा बहर सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढाच धरून चाला. एका वादळी रात्रीत पानं झडून जातात. ऑफिसची रजा महिनाभर आधी पक्की करावी लागणाऱ्यांनी हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

अ‍ॅस्पेनखाली उभं राहिलं की मला दर वेळी पिंपळ आठवतो. देठ लांब आणि चपटा असल्यामुळे जराशा झुळकेनेही पान थरथरतं, आणि सगळं झाड सळसळायला लागतं. सासूबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या होत्या आणि म्हणाल्या, "आपल्या देवळामागचाच आवाज आहे हा."

रस्ता आणि उंची

सिल्व्हरटन ते युरे या टप्प्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. १८८० च्या दशकात ऑटो मिअर्स नावाच्या माणसाने खाणींसाठी इथे टोलरस्ता काढला, आजचा रस्ता बराचसा त्याच वाटेने जातो. रेड माउंटन पास ११,०१८ फुटांवर आहे. डोंगर नावाप्रमाणेच लाल, लोहयुक्त खडक गंजून आलेला तो रंग. पलीकडे युरेकडे उतरताना रस्ता दरीच्या कडेला चिकटतो, आणि कडेला कठडा नसतो. हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या यंत्रांना ते बर्फ दरीत लोटावं लागतं, कठडा असला तर ते साचून राहील. आपल्याला घाटात दगडी कठड्याची सवय असते, तो नसला की मनावर ताण येतोच.

म्हणून ही फेरी घड्याळाच्या उलट दिशेने करा, म्हणजे सिल्व्हरटनहून युरेकडे. इथे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे उत्तरेला जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूला असता. युरेहून सिल्व्हरटनकडे जाणारा दरीच्या काठावर असतो. पहिल्या खेपेला आम्ही युरेहून सिल्व्हरटनकडे गेलो. चालवणारा दरीकडे पाहू शकत नाही आणि शेजारी बसलेला दुसरीकडे पाहू शकत नाही. ऑक्टोबरमध्ये खिंडीत बर्फ पडू शकतं, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी रस्त्याची स्थिती बघूनच किल्ली फिरवा. बर्फाची सवय नसलेला एकच चालक असेल, तर हा टप्पा त्याच्यावर लादू नये.

३९५ हा रुंद रस्ता आहे. लोन पाइन ते ली व्हायनिंग बहुतेक ठिकाणी चार पदरी, वळणं सौम्य. ब्रिजपोर्टआधीचं कॉनवे समिट आठ हजार फुटांच्या थोडं वर आहे, पण चढताना जाणवतही नाही. नवशिक्या चालकाने खुशाल न्यावी गाडी. बे एरियाहून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा: त्यांचा जवळचा रस्ता योसेमिटीतल्या टायोगा पासवरून, जवळजवळ दहा हजार फुटांवरून येतो, आणि पहिल्या मोठ्या हिमवर्षावाला तो बंद होतो. लॉस एंजेलिसहून येणाऱ्याला ही काळजी नाही.

आता उंची. याबद्दल पर्यटनाच्या पानांवर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून मी जरा थांबून सांगते. सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हे जवळजवळ चार हजार फूट वर. दिवसा फिरताना काही जाणवत नाही, त्रास होतो तो रात्री. माझ्या सासऱ्यांना तिथे रात्रभर झोप लागली नाही. डोकं दुखत होतं, पडल्यावर दम लागल्यासारखं वाटत होतं. सकाळी आम्ही बेत बदलून साडेसहा हजार फुटांवरच्या दुरँगोला उतरलो आणि दुपारपर्यंत त्यांना बरं वाटलं. चूक आमची होती. समुद्रसपाटीवरून आलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला पहिल्याच रात्री तिथे झोपवायला नको होतं. ज्येष्ठांना नेणार असाल तर दोन रात्री दुरँगो, मग युरे (७,७९२ फूट) किंवा रिजवे (सात हजारांच्या आत), आणि सिल्व्हरटन फक्त जेवणापुरतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. याबाबतीत बिशपला तोड नाही. दिवसा तळ्यांपर्यंत चढा, संध्याकाळी चार हजार फुटांवर येऊन शांत झोपा.

गावं

कोलोरॅडोची ही गावं चांदीवर उभी राहिली आणि १८९३ ला चांदीचा भाव कोसळल्यावर खचली. सिल्व्हरटनमध्ये आजही मुख्य रस्ता सोडला तर बाकी रस्ते मातीचे आहेत. दुरँगोहून तिथे १८८२ पासून वाफेच्या इंजिनाची नॅरो गेज गाडी जाते, ४५ मैल, एका बाजूने साडेतीन तास. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर धावते, ही तीन फुटी. घाटातून वाकून जाणारे डबे पाहून मुलं हरखतात, आणि ज्यांना गाडी चालवायची भीती वाटते त्यांना स्टिअरिंग न धरता डोंगर दिसतो. युरेत गरम पाण्याचं सार्वजनिक कुंड आहे, संध्याकाळच्या थंडीत तिथे बसायला सगळ्यांनाच आवडलं. टेल्युराइड महाग आहे. तिथली गोंडोला, म्हणजे केबल कार, फुकट असली तरी साडेदहा हजार फुटांवरून जाते, आणि ऑक्टोबर सरता सरता काही आठवडे बंद असते. मुक्काम रिजवेला करून दिवसभरासाठी जा. परतीच्या वाटेवर मेसा व्हर्डे नॅशनल पार्क येतं. कड्याच्या कपारीत बांधलेली ती घरं पाहिल्याशिवाय फेरी संपवू नका.

ही जमीन खाणवाल्यांच्या आधी यूट लोकांची होती. युरे गाव ज्या यूट प्रमुखाच्या नावाने ओळखलं जातं, त्याच्याच लोकांना १८८१ मध्ये इथून आजच्या यूटा राज्यात हाकललं गेलं. गावाचं नाव घेताना हे माहीत असावं.

३९५ वरची गावं इतकी देखणी नाहीत. पण मला त्या रस्त्याची गोष्ट अधिक भिडते, कारण ती पाण्याची आहे. ओवेन्स खोऱ्याला तिथले पायूट लोक पायाहूनाडू म्हणतात, म्हणजे पाणी वाहतं ती भूमी. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसने २३३ मैलांचा कालवा काढून ते पाणी नेलं. ओवेन्स लेक आटलं, तिथली धूळ उडू लागली. १९४१ पासून ली व्हायनिंगजवळच्या मोनो लेकचे ओढेही वळवले. तलावाची पातळी सुमारे ४५ फूट उतरली, खारेपणा दुप्पट झाला. काठावरचे चुनखडीचे पांढरे सुळके, ज्यांचे सगळे फोटो काढतात, ते मुळात पाण्याखाली तयार झालेले आहेत. पाणी गेलं म्हणून ते दिसतात. लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने उपशावर मर्यादा घातली. शहापूर तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी देतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हे ज्याने पाहिलंय त्याला मोनो लेकच्या काठावर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

लोन पाइनच्या उत्तरेला मांझानार आहे. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना इथे कुंपणाआड ठेवलं होतं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. दोन तास द्या, मुलांनाही न्या. बोडी हे सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव: ना डागडुजी करून नवं केलेलं, ना पडू दिलेलं. खिडकीतून आत पाहिलं तर टेबलावरची भांडी तशीच. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता आहे आणि गाव ८,३७९ फुटांवर, तेव्हा ज्येष्ठांबरोबर सावकाश.

खाणं आणि खर्च

दोन्हीकडे शाकाहारी माणसाला पिझ्झा, बरिटो आणि सँडविचवर भागवावं लागतं. शिवाय मोसम संपल्यामुळे ऑक्टोबरमध्ये काही खानावळी बंद असतात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, सिल्व्हरटनला साधारण ९०-९१ अंशांना, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्याच. दशम्या आणि चटणीचा डबा पहिल्या दोन दिवसांना पुरतो. ३९५ वर गॅस (म्हणजे पेट्रोल) महाग, विशेषतः ली व्हायनिंगच्या आसपास. बिशपलाच टाकी भरून घ्या. कोलोरॅडोत गॅस स्वस्त, पण खोल्या महाग, आणि त्या सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारसाठी खूप आधी भरतात.

दोघं-चौघं धडधाकट असाल, चालवणारे दोन असतील आणि चार दिवस मोकळे असतील, तर सॅन वानला जा, दुसरा विचार करू नका. रंगाच्या बाबतीत ३९५ त्याच्या जवळपासही येत नाही. लहान मुलं, सत्तरीपुढचे आई-वडील किंवा एकच चालक असेल, तर ३९५.

यंदा माझी आई येतेय, गुडघे दुखतात आणि दम लवकर लागतो. बिशपला तीन रात्री घेतल्या आहेत. सकाळी लवकर लेक सब्रिनाला जायचं, तिथले लोक त्याला सब्रायना म्हणतात. पार्किंगपासून पाणी अगदी जवळ आहे. आईसाठी घडीची खुर्ची आत्ताच डिकीत टाकून ठेवली आहे.