गढूळ पाणी नव्हतं, सळ्या गंजत होत्या

मागच्या जुलैत विक्रोळीच्या कन्नमवारनगरात आमच्या दारात दोन तरुण आले. गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग. "ताई, पाण्याची मोफत तपासणी आहे." धाकटा नुकताच काविळीतून उठला होता, म्हणून मी त्यांना आत घेतलं.

त्यांनी दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा आकडा दाखवणारं यंत्र, बुडवला. आमचं ७२, त्यांचं ९. मग सळ्या लावलेलं एक उपकरण प्लगला जोडून दोन्ही ग्लासांत सोडलं. बघता बघता आमचं पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, आणि वर गाळाचा थर आला. त्यांचा ग्लास नितळच. "हे तुमची मुलं रोज पितात, ताई." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्याच संध्याकाळी मी साडेसोळा हजारांचं आरओ मशीन घेतलं. पाच हजार रोख, बाकी हप्त्यांनी. वर आमच्या मजल्यावरच्या तिघींनाही घ्यायला लावलं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

दिवाळीत भाची आली, अकरावी सायन्सला आहे. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "मावशी, सळ्या कशाच्या होत्या?" मग तिनं दोन लोखंडी खिळे, वायर आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेतली आणि खिळे आमच्या मशीनच्या पाण्यात सोडले. पाच मिनिटं झाली तरी काही नाही. मग त्याच ग्लासात तिनं चिमूटभर मीठ टाकलं. एका खिळ्याभोवती बुडबुडे उठले आणि थोड्या वेळात पाणी तसंच हिरवट, तसंच तपकिरी. माझे हातपाय गार पडले.

क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की सळीचं लोखंड सुटून पाण्यात उतरतं आणि त्याचाच गंज गाळासारखा दिसतो. आरओच्या पाण्यात क्षारच जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळी गंजत नाही. ती घाण नळातून आलेली नव्हती.

टीडीएसचा आकडाही असाच फसवा. तो मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू त्याला दिसतच नाहीत. काविळीचे विषाणू असलेलं पाणीही ७२ दाखवू शकतं. शहाळ्याच्या पाण्यात मीटर घाला, आकडा हजारांच्या घरात जाईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचा टीडीएस योग्य धरला आहे. जिथे तो ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओ वापरू देऊ नये, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली दिले होते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणासारख्या धरणा-तलावांचं पाणी मिळतं, ते मुळातच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. भांडुपला गाळून, क्लोरीन घालून ते पुढे सोडतात. धोका असतो तो गटाराशेजारून जाणाऱ्या फुटक्या जलवाहिनीचा आणि वर्षानुवर्षं न धुतलेल्या टाकीचा. त्यावर पाणी उकळून पिणं हा खात्रीचा उपाय आहे. आमचं मशीन तर एका हंड्यामागे दोन-तीन हंडे पाणी मोरीत सोडत होतं, तेही दिवसाला मोजके तास पाणी येणाऱ्या इमारतीत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. असं कोणी दारात आलं तर त्यांच्याच ग्लासात मीठ टाकून सळ्या सोडायला सांगा.

मशीन घेतलेल्या तिघींना मी घरी जाऊन सांगितलं. समोरच्या काकूंना पटेना. "अगं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," म्हणाल्या. मी खिळे आणि बॅटरी सोबत नेली होती. मीठ त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलं. पाणी तपकिरी होईपर्यंत त्या ओट्याजवळून हलल्या नाहीत.