'शेजारी-शेजारी' खुर्च्या आणि मधे अख्खं सभागृह

नाटकाची तिकिटं खरी होती. हे आधीच सांगते, कारण फसवणूक म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "बनावट होती का? दारावर अडवलं का?" नाही. स्कॅनर हिरवा झाला, डोअरकीपर "या" म्हणाला आणि आई व मी आत गेलो. खुर्च्याही होत्या. एकाच रांगेत, लागोपाठ क्रमांकाच्या, २१ आणि २२. फक्त २१ सभागृहाच्या एका भिंतीला टेकलेली होती आणि २२ समोरच्या भिंतीला.

पुष्कळ नाट्यगृहांत क्रमांक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जात नाहीत. ते मधून सुरू होतात. एका बाजूला १, ३, ५ असे विषम आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६ असे सम. म्हणजे ४ च्या शेजारी २ आणि ६ बसतात, ५ नाही. आकडा वाढत जाईल तशी खुर्ची भिंतीकडे सरकते. अशा ठिकाणी १ आणि २ मिळाल्या तर तुम्ही मधोमध बसता आणि २१ आणि २२ मिळाल्या तर दोन टोकांना. ज्याला ही रचना माहीत आहे त्याने 'लागोपाठ क्रमांक' असं लिहून विकणं ही नजरचूक नसते.

रहस्यनाट्य होतं, आईला कधीपासून पाहायचं होतं. नाट्यगृहाच्या स्वतःच्या साइटवर प्रयोग हाऊसफुल्ल दिसत होता. नाटकाचं आणि नाट्यगृहाचं नाव टाकून शोधलं की सगळ्यात वर एक दुवा येत होता, त्यात नाट्यगृहाचं नाव आणि पुढे 'तिकीट' असा शब्द. रंग तेच, दर्शनी भागाचा फोटो तोच. बाजूला अगदी फिक्या अक्षरांत 'जाहिरात'. ही साइट नाट्यगृहाची नव्हती, दुसऱ्यांची तिकिटं चढ्या भावाने विकणारी होती, आणि हे त्यांनी पानाच्या तळाशी, नियम-अटींच्याही खाली लिहिलं होतं. लिहिलं होतं हे मान्य करायला हवं. हे लोक खोटं क्वचितच बोलतात. खरं कुठे ठेवायचं ते त्यांना पक्कं कळतं.

त्या पानावर प्लॅन नव्हता. प्लॅन म्हणजे जिथे प्रत्येक खुर्ची चौकोन म्हणून दिसते आणि बोट ठेवून निवडता येते. इथे सभागृहाचं चित्र होतं, तीन रंगांच्या पट्ट्या असलेलं. सोनेरी पट्टीवर लिहिलं होतं: 'सर्वोत्तम जागा, रंगमंच जवळ, शेजारी-शेजारी, लागोपाठ क्रमांक'. रांग आणि क्रमांक 'पैसे भरल्यानंतर कळवू'. वर उलटं धावणारं घड्याळ आणि इतके लोक आत्ता हेच तिकीट पाहत आहेत अशी सूचना. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पहिल्यापासून सुरू व्हायचं, यावरून त्या घड्याळाचा खुर्च्यांशी काय संबंध होता ते कळावं. शुल्क शेवटच्या पायरीवर जोडलं गेलं: सेवाशुल्क, हाताळणीशुल्क, आणि ईमेलने येणाऱ्या तिकिटाचं पोचशुल्क.

क्रमांक आधी का सांगत नाहीत याची दोन कारणं असतात आणि दोन्ही वाईट. एक, विक्रेत्याकडे अजून तिकीटच नसतं. तो तुमचे पैसे घेऊन मग स्वस्तात कुठे मिळतं ते शोधतो. मिळालं नाही तर आयत्या वेळी 'काही कारणाने रद्द' असा निरोप येतो. दुसरं, तिकीट असतं, पण क्रमांक सांगितला तर कोणीही नाट्यगृहाच्या प्लॅनवर पाच मिनिटांत पडताळून पाहील. आमच्या बाबतीत हे दुसरं होतं.

तिकिटं प्रयोगाच्या दिवशी दुपारी आली. तीही नाट्यगृहाची मूळ तिकिटं नव्हेत. क्यूआर कोड, रांग आणि क्रमांक तेवढे उचलून त्यांनी स्वतःच्या नक्षीदार कागदावर चिकटवलेले. मूळ तिकिटावर छापील दर असतो, खुर्चीबद्दल काही सूचना असेल तर ती असते. ते सगळं गायब. इतक्या उशिरा पाठवण्यामागे हिशेब आहे. तक्रार करायला, पर्याय शोधायला वेळच उरत नाही, आणि घरचं माणूस तयार होऊन बसलेलं असतं.

आता त्या दोन खुर्च्यांवरून काय दिसलं ते सांगते, कारण 'बाजूची जागा' म्हणजे थोडं तिरकं दिसतं एवढंच, असं बऱ्याच जणांना वाटतं. चौकटीच्या, म्हणजे समोरच्या एका मोठ्या चौकटीतूनच दिसणाऱ्या रंगमंचावर तुम्ही ज्या टोकाला बसता त्याच बाजूचा मागचा कोपरा चौकटीआड जातो. उजवीकडे बसलात तर उजव्या भिंतीतला दरवाजा दिसत नाही, मात्र डावीकडची विंग आतपर्यंत दिसते. नेपथ्यात डाव्या मागच्या कोपऱ्यात जिना होता, उजव्या मागच्या कोपऱ्यात दार. मी उजव्या टोकाला होते. पहिल्या अंकाचा शेवट त्या दारात झाला. सगळं सभागृह दचकलं, आणि मी विंगेत उभा राहून घाम पुसणारा नट पाहत होते. आईला दार दिसलं, पण जिन्यावर काय सापडलं ते दिसलं नाही. मध्यंतरात आम्ही एकमेकींना आपापलं अर्धं नाटक सांगितलं. आईला यात मजा वाटली, मला अजिबात नाही.

मध्यंतरातच तिकीटबारीवर गेले. तिथल्या माणसाने क्रमांक टाकून प्लॅन उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"ताई, ही दोन्ही टोकं आहेत. 'दृश्य अंशतः अडतं' अशी नोंद करूनच आम्ही ती देतो. सगळ्यात कमी दरात."

"पण मला सर्वोत्तम म्हणून विकली."

"हे नेहमीचं झालंय. टोकाच्या सुट्या खुर्च्या शेवटपर्यंत राहतात. कोणीतरी त्या उचलतं आणि जोडी म्हणून खपवतं."

मी भरलेली रक्कम त्या छापील दराच्या कित्येक पट होती. त्याच्याकडे आणखी एक माहिती होती, तिने मात्र जीव जळला: प्रयोगाच्या सकाळी त्यांच्याच साइटवर मधल्या रांगांमधल्या काही खुर्च्या खुल्या झाल्या होत्या. निर्माते, कलाकार, पाहुणे यांच्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या वापरल्या गेल्या नाहीत तर शेवटी विक्रीला येतात, आणि ही पद्धत जगभर आहे. हाऊसफुल्लची पाटी पाहिल्यावरही नाट्यगृहाच्या बारीवर फोन करून हे विचारता येतं.

सोनेरी पट्टीवरच्या 'सर्वोत्तम' या शब्दाकडे येते, कारण या धंद्याचं भांडवल तोच आहे. सर्वोत्तम कशासाठी? संवादांचं नाटक असेल तर चेहरे दिसायला हवेत. सभागृहं आखणारे वास्तुकार नाटकासाठी साधारण २० मीटरची मर्यादा धरतात, त्यापलीकडे डोळ्यांतले भाव पोचत नाहीत. ऑपेरा आणि संगीतिकांसाठी ती ३० मीटरपर्यंत ताणतात. नृत्य असेल तर पहिल्या मजल्याच्या पुढच्या रांगा तळमजल्यापेक्षा सरस ठरतात, कारण जमिनीवरच्या रचना वरूनच कळतात. उलट अगदी पहिल्या रांगेत बसलात आणि रंगमंच मीटरभर उंच असेल, तर तुमचे डोळे जेमतेम त्याच्या पातळीला येतात आणि नर्तकांची पावलंच दिसत नाहीत. तरी पहिली रांग सगळ्यात महाग विकली जाते, आणि आपण ती कौतुकाने घेतो.

तळमजल्यावर मागे, बाल्कनीच्या छताखाली खोल गेलं की आवाज दबतो आणि नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो. दोन मजली सेट असेल तर वरच्या मजल्यावरची माणसं कमरेपासून खालीच दिसतात. ध्वनिवर्धकावर चालणाऱ्या कार्यक्रमात मात्र मागच्या मधल्या भागात जिथे ध्वनिमिश्रणाचं टेबल असतं, त्याच्या आसपासच्या जागा ऐकायला उत्तम, कारण तो माणूस स्वतःच्या कानांना जे पटतं तेच मिसळत असतो. बाल्कनीची पहिली रांग छान, पण कठड्याची उंची विचारून घ्या. लहान मूल किंवा ठेंगणी व्यक्ती बरोबर असेल तर समोर नाटक नव्हे, लोखंडी नळी येते. आणि प्रेक्षक चारी बाजूंनी बसतात अशा रंगमंचावर 'मधली जागा' या शब्दांना फारसा अर्थच नसतो.

म्हणजे एकाच सभागृहात एकाच संध्याकाळी सर्वोत्तम खुर्ची माणसागणिक वेगळी. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईसाठी ती ये-जा करायच्या वाटेलगतची असते, दृश्य थोडं कमी असलं तरी. जो विक्रेता रांग-क्रमांक न देता हे विशेषण देतो, तो तुमच्या वतीने काहीही ठरवत नसतो, हातात आहे ते खपवत असतो.

अक्षरांतही अशीच गंमत करतात. 'रांग ए' वाचून आपण पहिली रांग समजतो, पण ए प्रत्येक मजल्यावर असते. सगळ्यात वरच्या मजल्याची ए सुद्धा ए च. शिवाय रंगमंचापुढचा वादक बसतात तो खड्डा झाकून त्यावर खुर्च्या मांडल्या की काही ठिकाणी ए च्या पुढे 'एए', 'बीबी' अशा रांगा येतात, आणि दुसरीकडे त्याच दुहेरी अक्षरांच्या रांगा झेड संपल्यावर, पार मागे असतात. आय आणि ओ ही अक्षरं एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून अनेकदा गाळतात, त्यामुळे बोटांवर मोजून काढलेली रांगही चुकते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तर बऱ्याच नाट्यगृहांत मधल्या भागाचे क्रमांक १०१ पासून सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना लहान आकडे असतात. तिथे १०१ हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही आणि तिथे १ पाहून हुरळायचंही नाही. त्यामुळे मजला, विभाग, रांग आणि क्रमांक या चारही गोष्टी मिळाल्याशिवाय खुर्ची कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्या मिळाल्यावर नाट्यगृहाच्याच प्लॅनवर ताडून पाहायला लागतात.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तिकीट पुन्हा विकणाऱ्यावर नेमकं हेच बंधन घातलं आहे: जिथे लागू असेल तिथे विभाग, रांग, क्रमांक, तिकीट ठरावीक लोकांनाच वापरता येत असेल तर ती मर्यादा आणि छापील दर हे सगळं विकत घेण्याआधी सांगायचं. अमेरिकेत मे २०२५ पासून कार्यक्रमांच्या तिकिटांची सक्तीची सगळी शुल्कं धरून एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवावी लागते. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, विक्रेत्याला विचारायची यादी म्हणून ब्रिटनची ती यादी जशीच्या तशी वापरता येते. जो उत्तर देत नाही त्याच्याकडे बहुधा उत्तर देण्यासारखं काही नसतं.

तक्रारीचं काय झालं, तेही सांगायला हवं. साइटने लिहिलं की क्रमांक लागोपाठ आहेत, सबब वर्णन बरोबर आहे. मी 'शेजारी-शेजारी' या शब्दांचं काय असं विचारलं, तर तोवर त्यांच्या पानावरून ते शब्दच गेले होते. धाकट्या बहिणीने खरेदीच्या वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो पाठवल्यावर चार दिवस शांतता. तिकीटबारीने ईमेलवर लिहून दिलं की दोन्ही खुर्च्या विरुद्ध टोकांना आहेत आणि दृश्य अडण्याची नोंद करूनच विकल्या होत्या. हे सगळं जोडून बँकेकडे कार्डव्यवहाराची हरकत नोंदवली, 'वर्णनाप्रमाणे सेवा मिळाली नाही' या सदराखाली. बँकेने फेटाळली. साइटने पुरावा दिला होता की दोन्ही क्यूआर कोड दारावर स्कॅन झाले, म्हणजे सेवा घेतली गेली.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच: खुर्ची भलतीच आहे असं तिकीट आल्यावर प्लॅनवरून लक्षात आलं, तर दारातून आत जाण्याआधी तिकीटबारीवर जा, लेखी घ्या, साइटला तिथूनच ईमेल करा. कोड स्कॅन झाला की तुमची बाजू लंगडी पडते. तरीही आई नटूनथटून शेजारी उभी असेल तर तुम्ही आत जाल, मीही पुन्हा जाईन.

बँकेचा निकाल लागल्यावर दुसऱ्याच दिवशी साइटकडून 'सद्भावना म्हणून' कूपन आलं, पुढच्या खरेदीत फक्त सेवाशुल्कावर सूट देणारं. त्याच्या शेवटी बारीक अक्षरांत होतं की कूपन वापरल्यास याआधीच्या सर्व तक्रारी निकाली निघाल्याचं ग्राहकाला मान्य आहे. ग्राहक आयोगाकडे जायचा विचार असेल तर त्या बटणाला हात लावू नका.