सव्वा वर्ष, 9,400 किलोमीटर: इलेक्ट्रिक स्कूटर आणि भाचीची वही

गुढीपाडव्याला, 9 एप्रिल 2024 ला, गाडी घरी आली. आज मीटरवर 9,400 किलोमीटर आहेत. घर पुण्यात डहाणूकर कॉलनीत, ऑफिस बाणेरला. कोथरूड डेपो, चांदणी चौक, बावधन, पाषाण असं एकेरी साडेअकरा किलोमीटर. आधीची पेट्रोल स्कूटर नऊ वर्षं वापरली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे बरंवाईट सांगायचंय ते बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरना लागू पडेल, आणि शिवाय सर्व्हिस सेंटरशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी रेंज, म्हणजे एका चार्जवर गाडी किती जाते ते, कारण लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. कागदावर 110 किलोमीटर. मला इको, म्हणजे वीज वाचवणाऱ्या, मोडमध्ये 80 मिळतात, घाईत असले तर 65. कागदावरचा आकडा रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या चक्रात गाडी चालवून काढतात. असल्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासूनची, आणि ती आमच्याच वेताळ टेकडीवर! रोलरवर मात्र मागे बसलेल्या सासूबाई नसतात आणि पुढे पीएमपीची बस पण नसते.

सुरुवातीला मी सगळा दोष चांदणी चौकाच्या चढाला देत होते. मुलानं एकदा कागदावर हिशोब मांडून दिला. गाडी आणि मी मिळून 180 किलो, चढ साठ-सत्तर मीटर धरला, तरी त्यात जाते ती वीज सपाटीवरच्या दीड किलोमीटरएवढी. बॅटरी खाते ती हवा. वेग 40 वरून 60 केला की हवेचा रोध सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. बावधनच्या मोकळ्या रस्त्यावर मी 60 नं जात होते, तिथं रेंज सांडत होती. आता 45 च्या पुढे जात नाही. ऑफिसला चार मिनिटं उशीर होतो, तोही सिग्नल नशिबानं हिरवे मिळाले तर.

चार्जिंगचं सांगायचं तर त्याला वीज कमी आणि मीटिंगा जास्त लागल्या. मार्च 2022 मध्ये धानोरीत रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली होती, त्याचा व्हिडिओ आमच्या सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये अजून आहे. "वहिनी, तुमच्या गाडीपायी बिल्डिंग पेटली तर?" या प्रश्नावर दोन मीटिंगा गेल्या. त्या वर्षीच्या आगींनंतर बॅटरीचे नियम डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत कडक झाले, हे मी छापून नेलं. ते कुणी वाचलं नाही, पण कागद हातात असला की आवाज चढवता येतो. शेवटी आमच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत जाड वायर, वेगळा एमसीबी (गडबड झाली की वीज तोडणारा खटका), अर्थिंग आणि 15 अँपिअरचा सॉकेट या बोलीवर परवानगी मिळाली. वायरमनचे पैसे धरून गाडीची किंमत करा, शोरूमवाला ते सांगत नाही.

महिन्याला 22-23 युनिट जातात. किलोमीटरला 40 पैशांच्या आसपास. पेट्रोलच्या गाडीला सव्वादोन रुपये पडायचे. फक्त बिल 100 युनिटांच्या आतबाहेर घुटमळत असेल तर जपा, पुढच्या टप्प्याचा दर एकदम उडी मारतो.

इथवर सगळं कोणीही सांगेल. मला खरं सांगायचंय ते त्या वहीबद्दल.

माझी भाची नगरनियोजन शिकते. तिच्या प्रकल्पासाठी तिला चार घरांकडून ट्रॅव्हल डायरी भरून हवी होती. कुठून कुठे, किती वाजता, कशानं, कशासाठी, बरोबर कोण, खर्च किती, असे रकाने. नियम असा की कारण बदललं की फेरी बदलली. ऑफिसातून येताना औषधं आणि भाजी घेतली तर त्या तीन फेऱ्या. तिच्या अभ्यासात हे नेहमीचंच आहे म्हणे: बायकांच्या फेऱ्या आखूड आणि एकीला एक जोडलेल्या असतात, आणि लोक सांगताना चालत गेलेलं हमखास विसरतात. 2011 च्या जनगणनेत प्रवासाचं साधन विचारलं, तेही कामाच्या जागी जाण्यापुरतं. म्हणजे माझी भाजी आणि सासूबाईंची औषधं तिथं मोजलीच गेली नाहीत.

गाडी घेण्याआधीचा एक आठवडा मी भरून दिला. एकूण 31 फेऱ्या: 14 स्कूटरनं, 11 पायी, 6 मेट्रो किंवा बसनं. गाडी आल्यावर पाचव्या महिन्यातला आठवडा: एकूण 39. त्यातल्या 33 स्कूटरवर, 4 पायी, 2 मेट्रोनं.

मला वाटत होतं मी पेट्रोल वाचवतेय. वाचवत होतेच, पण त्याहून जास्त मी पाय वाचवत होते. वाण्याचं दुकान घरापासून चारशे मीटरवर आहे. तिथं स्कूटरनं का गेलात, या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलंय: "गाडी चार्ज होती." आईकडे नारायण पेठेत जायला मी वनाजहून मेट्रो धरून डेक्कनला उतरायचे आणि पूल ओलांडून चालत जायचे. मेट्रो 2023 च्या ऑगस्टमध्ये डेक्कनपर्यंत आली तेव्हा या मार्गाचं कौतुक घरात मीच सगळ्यांना सांगत होते! चाळीस पैशांनी किलोमीटर झाल्यावर मेट्रोचं तिकीट मला महाग वाटायला लागलं. पेठेत पार्किंग शोधायला जातात ती वीस मिनिटं मात्र मी कुठेच धरली नाहीत.

आणि जुनी पेट्रोल स्कूटर? ती विकायची ठरली होती. मुलानं मागितली. आधी तो बसनं कॉलेजला जायचा. म्हणजे आमच्या घरात पेट्रोल कमी झालं नाही, फक्त हात बदलले, आणि पार्किंगमध्ये एक गाडी वाढली. भाची म्हणाली, "मावशी, म्हणूनच एका गाडीचं नाही, अख्ख्या घराचं विचारायचं असतं." तिचे मार्क सांगितले नाहीत तिनं, पण चांगले पडले असावेत.

आता रस्त्यावरचं. पहिले दोन महिने मला गाडीची नाही, शांततेची भीती वाटली. आपण पुणेकर रस्ता कानांनी ओलांडतो. मागून फटफट आली नाही म्हणजे रस्ता मोकळा. आमच्या गल्लीत हातगाडीवर मेथी निवडणारे एक आजोबा न बघता एक पाऊल मागे आले आणि मी थांबले ती त्यांच्या पिशवीला टेकूनच. ते मला रागावले नाहीत, उलट म्हणाले, "अगं, तू आलीस कुठून?" युरोपात नव्या इलेक्ट्रिक मोटारींना कमी वेगात मुद्दाम आवाज काढावा लागतो, 2021 पासून सगळ्याच नव्यांना. माझ्या स्कूटरला तसं काही नाही. गल्लीत मी आता वीसच्या खाली आणि घरांपासून लांब, रस्त्याच्या मधून चालवते. हॉर्न वाजवायचा नाही असं ठरवलं होतं, ते मात्र पाळता आलं नाही.

दुसरी गोष्ट पिक-अप. मूठ पिळली की ताकद त्याच क्षणी चाकावर येते. कोरड्या रस्त्यावर मजा आहे. जूनमध्ये पौड रस्त्यावर, पहिल्या पावसात, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर सिग्नल सुटल्या सुटल्या मागचं चाक सरकलं. पडले नाही, पण गुडघे बराच वेळ थरथरत होते. पावसाळ्यात इको मोड, रंगाचे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं सरळ ओलांडायची, त्यांच्यावर वळायचं नाही.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मूठ सोडली की गाडी स्वतःच वेग कमी करते, ती वीज बॅटरीत परत जाते. छान आहे, नऊ हजार किलोमीटरनंतरही ब्रेकचे लायनर पहिलेच आहेत. पण माझ्या गाडीत अशा वेळी मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्याला कळतच नाही की मी मंदावतेय. चांदणी चौकातून उतरताना एक टेम्पो किती जवळ आला होता ते आरशात पाहिलं, त्या दिवसापासून मूठ सोडताना दोन बोटं ब्रेकवर हलकी टेकवते, म्हणजे दिवा लागतो.

वेगाचा तो वर्ग इथंही आहे. 40 ला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, 60 ला साधारण 17. त्यात ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर पुन्हा सव्वादोन पट. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकल्या. तो उतार माझ्या रस्त्यावर नाही, पण त्यानंतर मी कुठल्याही उतारावर आरसा पाहिल्याशिवाय राहत नाही. हेल्मेट आधीपासून घालते. 2019 मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात मोर्चे निघाले तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष होते. हेल्मेटनं मरणाचा धोका चाळीसेक टक्क्यांनी कमी होतो हे यजमानांना मी तेव्हा पटवू शकले नाही. आता ते मोटार चालवतात, त्यामुळे वाद संपला.

सर्व्हिस: पाणी, खड्डे, धूळ यांनी गाडीचं काही बिघडलं नाही. जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तिथल्या मैत्रिणीची पेट्रोलची गाडी बुडाली, माझी इकडे उंचावर होती, त्यामुळे ती परीक्षा झालेली नाही. बिघडला तो साइड स्टँडचा सेन्सर. स्टँड वर असून गाडी म्हणायची खाली आहे, आणि सुरूच होत नव्हती. बोटभर सुटा भाग यायला 19 दिवस लागले. एकदा बॅटरी 14 टक्क्यांवरून थेट 6 वर आली, बावधनच्या पेट्रोल पंपासमोर. पंपावरचा मुलगा अगदी मनापासून हसला.

भाचीनं या महिन्यात तिसरा आठवडा भरायला दिलाय. आज बुधवार, आतापर्यंत 17 फेऱ्या, 5 पायी. वाण्याकडे चालत जाते, नारायण पेठेत मेट्रोनं. पावसाची सर आली की मात्र किल्लीकडे हात जातोच, तेही लिहून ठेवलंय. शनिवारी सर्व्हिसिंग आहे. सॉफ्टवेअर अपडेटमध्ये मागच्या दिव्याचं काही होतं का ते विचारणार आहे, या वेळी लेखी.