क्ले बार आणि कार्नोबा वॅक्स : रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत कसं वाटलं

आमची गाडी मिऱ्याच्या बाजूला उघड्यावरच असते, त्यामुळे मीठ, चिऱ्याची लाल धूळ आणि आंब्याचा चीक सगळं बॉनेटवर बसतं आणि नुसत्या शाम्पूने ते जात नाही. धुतलेल्या पत्र्यावर प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, खरखर लागली की समजायचं क्लेची, म्हणजे रंगावर घट्ट बसलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ वडीची, गरज आहे.

क्ले एक नंबर निघाली. लुब्रिकंट (क्ले सरकावी म्हणून मारायचा निसरडा स्प्रे) मात्र भरपूर मारायचं, कोरडी घासाल तर चरे पडणार, आणि दाब अजिबात द्यायचा नाही, हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायची, आधी अडकत अडकत जाते आणि मग एकदम सुळकन सरकायला लागते तेव्हा तेवढा भाग झाला. वडी तांबूस काळी होते, ती दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. खाली मातीत पडली तर सरळ फेकून द्या, पैशाकडे बघू नका. जुने चरे मात्र क्लेने जात नाहीत, त्याला पॉलिशच लागतं.

क्लेनंतर पेंट उघडा पडतो म्हणून वॅक्स लावायलाच हवं. कार्नोबा ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांपासून करतात, चमक खोल येते, लाल रंगावर तर फारच सुंदर. सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ थर द्या. आपल्या पावसात फार टिकत नाही, मे महिन्यात एक हात आणि गणपतीनंतर पुन्हा एक द्यावाच.

पैसे वसूल, बिनधास्त घ्या.