मावशी, सिस्टर की सेवा केंद्र? डिस्चार्जच्या आधी ठरवायची गोष्ट

बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता इथे ठेवून वेगळं काही करण्यासारखं नाही, घरी न्या." उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद, नाकातून पोटात भरवायची नळी म्हणजे राइल्स ट्यूब, लघवीला नळी म्हणजे कॅथेटर. वॉर्डातल्या आयाबाईंनी जाता जाता विचारलं, "माणूस लावलात का?" आम्ही लावला नव्हता. त्या संध्याकाळी पुण्यातल्या चार-पाच ब्युरोंना, म्हणजे घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थांना, फोन केले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, बारा तास की चोवीस? पेशंटला काय काय लागतं, हे कोणीच विचारलं नाही.

पुढच्या चौदा महिन्यांत आम्ही तिन्ही प्रकार केले. सुरुवातीला रात्रपाळीला शिकलेली सिस्टर, मग बराच काळ मावशी, आणि आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बाबांना वीस दिवस सेवा केंद्रात ठेवलं. ज्यांच्या घरात आज हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण फोनवर सगळ्यांनाच "सिस्टर" म्हणून पाठवलं जातं. एएनएम हा नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. यातलं काहीही केलेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते, आणि तो नोंदणी क्रमांक मागण्यात अपमान नाही. खऱ्या नर्स तो लगेच दाखवतात. अटेंडंट, केअरटेकर किंवा मावशी ही वेगळी गोष्ट. काहींनी काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, पुष्कळजणी काम करत करतच शिकलेल्या असतात. आणि आपल्याकडे "नर्सिंग होम" म्हणजे लहान खासगी हॉस्पिटल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिनोन्महिने सांभाळणारी जागा हवी असेल तर सेवा केंद्र, शुश्रूषा केंद्र अशा नावांनी शोधावं लागतं.

आता माझं ठाम मत सांगते. दर विचारण्याआधी एका कागदावर पेशंटची रात्रीची कामं लिहा. दिवसा घरात कोणी ना कोणी असतं, शेजारी असतात, डॉक्टर फोन उचलतात. रात्री दोन वाजता कोणाच्या हातांनी काय करायचं आहे, यावर सगळं ठरतं.

त्या कागदावर शिरेतून औषध, घशाला छिद्र पाडलेल्या पेशंटचं सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, किंवा खोल जखमेचं ड्रेसिंग असेल तर प्रश्न संपला, शिकलेली सिस्टरच हवी. पैसे वाचवायला हे काम मावशींवर टाकू नये. तो पेशंटवर आणि मावशींवर, दोघांवरही अन्याय आहे. कागदावर फक्त कूस बदलणं, डायपर, अंग पुसणं, आधार देऊन चालवणं, तोंडाने भरवणं असेल तर चांगल्या मावशी पुरतात. आणि असं काम महिनोन्महिने मायेने करणं ही कमी प्रतीची गोष्ट नाही.

अडचण मधल्या कामांची होते. आमच्याकडे ते काम होतं नळीने भरवणं.

ब्युरोने पाठवलेल्या पहिल्या मावशी "पूर्ण ट्रेन्ड" होत्या. त्यांनी बाबांना सपाट झोपवलेलं असतानाच मोठी सिरिंज नळीला लावली आणि दट्ट्या दाबून पेज आत ढकलायला सुरुवात केली. बाबांना ठसका लागला. मी सिरिंज काढून घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते. असं अन्न उलटून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पक्षाघाताच्या पेशंटला तो जिवावर बेततो. नीट पद्धत अशी: पलंगाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर करायचं, नाकाशी नळीवरची खूण सरकलेली नाही ना ते पाहायचं, दट्ट्या काढून ठेवायचा, सिरिंजमध्ये पेज ओतायची आणि ती आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायची. शेवटी थोडं पाणी. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. खूण सरकलेली दिसली किंवा खोकला लागला तर भरवणं तिथेच थांबवायचं. ब्युरोला फोन केला तर "दुसरी पाठवतो" एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या मावशी तिसऱ्या दिवशी आल्या. तोवर रात्री सिस्टर आणि दिवसा मी.

त्या दुसऱ्या मावशी लातूरकडच्या. कोर्स केलेला नव्हता. चौथ्या की पाचव्या दिवशी अंग पुसताना त्यांनी मला हाक मारली, "ताई, हे बघा." बाबांच्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा लालसर डाग होता. त्यांनी त्यावर बोट दाबून उचललं. "दाबल्यावर पांढरं व्हायला पाहिजे, होत नाहीये. जखम इथनंच सुरू होते." त्यांनी पोटरीखाली उशी दिली आणि टाच अधांतरी ठेवली. आठवड्यात डाग गेला. एअर मॅट्रेस आम्ही घेतलेलीच होती, पण ती असली तरी कूस बदलावी लागते आणि टाचा, माकडहाड, खुबे रोज पाहावे लागतात. म्हणून सर्टिफिकेट बघाच, पण पहिल्या दिवशी समोर बसून काम करतानाही बघा.

आता पैसे. २०२३ मध्ये आम्ही मावशींना बारा तासांचे ८०० रुपये देत होतो, म्हणजे महिन्याला २४,०००. त्यातले रोजचे १५० ब्युरो कापून घेई, हे मला फार उशिरा कळलं आणि वाईट वाटलं. सिस्टरचे बारा तासांचे १,८०० होते, म्हणजे महिन्याला ५४,०००. सेवा केंद्राने महिन्याला ३८,००० सांगितले होते. त्यात जेवण आणि सेवा होती, डायपर, औषधं आणि फिजिओथेरपी वेगळी. हे आमचे आकडे, तुमच्या गावात वेगळे असतील. घरच्या हिशेबात भाड्याचा पलंग, मॅट्रेस, मावशींचा चहा-जेवण आणि त्या सुट्टीवर गेल्या की येणाऱ्या बदलीचे पैसे धरायला विसरू नका.

मेडिक्लेमवर मात्र विसंबू नका. २०२० मधल्या कोरोना कवच पॉलिसीत चौदा दिवसांपर्यंतचे घरच्या उपचारांचे पैसे मिळत, आणि त्यामुळे अनेकांचा समज झाला की आता घरचं सगळंच मिळतं. पॉलिसीत असतात ते उपचार, तेही एरवी हॉस्पिटलात ठेवावं लागलं असतं असे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले. मावशींचा पगार त्यात सहसा बसत नाही. आपल्या पॉलिसीतलं कलम वाचून, कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

"चोवीस तासांची बाई" हा पर्याय स्वस्त वाटतो, कारण दर दुप्पट नसतो. पण ज्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आहे त्याच्यासाठी एकटी बाई चोवीस तास ठेवणं मला चुकीचं वाटतं. तीही माणूस आहे, तिला झोप लागणारच. रात्रभर शांत झोपणाऱ्या आजीआजोबांना सोबत म्हणून ती व्यवस्था ठीक. नाहीतर दोन पाळ्या करा, किंवा रात्रीची एक पाळी घरच्यांनी वाटून घ्या.

आम्हाला शेवटी जमलेली आणि परवडलेली सोय म्हणजे रोज मावशी आणि ठरलेल्या कामांपुरती सिस्टरची व्हिजिट. कॅथेटर बदलणं, राइल्स ट्यूब नव्याने घालणं, एखादं इंजेक्शन. सिस्टर आल्या की मावशींना शेजारी उभं करून दाखवायच्या, त्यामुळे मावशींचा हातही बसत गेला. पेशंट स्थिर असेल तर मी आधी हेच सुचवेन.

सेवा केंद्राबद्दल आपल्या मनात जी टोचणी असते ती मलाही होती. आई स्वतः पलंगावर, मी ऑफिस आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये, तरी बाबांना तिथे सोडताना रडू आवरलं नाही. पण बाबा पहिल्यांदा आधाराने उभे राहिले ते तिथेच. रोज ठरल्या वेळी फिजिओथेरपिस्ट यायचे आणि आमच्यासारखं "आज राहू दे" म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. जेवण मात्र निम्म्यावर आलं. तोवर नळी निघाली होती, ते तोंडाने खात होते, आणि भरवणाऱ्या मुलीकडे एकाच वेळी पाच पेशंट होते. सांभाळणारं माणूस स्वतः आजारी असेल, किंवा स्मृतिभ्रंशाचा पेशंट रात्री दार उघडून बाहेर जात असेल, तर केंद्र हा योग्य पर्याय आहे. बघायला रविवारी दुपारी किंवा रात्री आठला जा, न सांगता जा. रात्री किती पेशंटमागे किती माणसं आणि तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलात नेतात, हे विचारा. न सांगता भेटायला येऊ देत नसतील तर पुढे विचारूच नका.

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचा विचार वेगळा, तिथे वेदना कमी करणं हेच मुख्य काम. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून हे विनामूल्य करतं आणि मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून. ब्युरोला फोन करण्याआधी तिथे विचारा.

मुलं परदेशी असतील तर कॅमेरा लावला जातो. लावा, पण मावशींना सांगून, आणि डायपर बदलताना तो झाकता येईल असा. रोज घरात डोकावणारं एक ओळखीचं माणूस गावात लागतंच, ते काम कॅमेरा करत नाही.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, जमलं तर ठरलेल्या मावशींनाही, वॉर्डात बोलवा. सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने दोनदा नळीने भरवा, एकदा कूस बदला, लघवीची पिशवी कमरेच्या खाली कशी टांगायची ते बघून घ्या. कॅथेटर आणि ट्यूब बदलायच्या तारखा डिस्चार्जच्या कागदावर, म्हणजे समरीवर, लिहून मागा, आणि रात्री अडलं तर कोणाला फोन करायचा तो नंबरही.